न्यायमूर्ती हिदायतुल्लाह आणि कच्छची सीमा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून जाताना मोठ्या घुमटाची एक दगडी इमारत दिसते. आज तिथे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. तुमच्यापैकी काहींनी ती बाहेरून पाहिली असेल. कोणाचे वडील किंवा चाचा जमिनीच्या कामासाठी आत जाऊनही आले असतील. ही इमारत उभी राहिली तेव्हा मात्र तिच्यात नागपूरचेच स्वतंत्र उच्च न्यायालय भरत असे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रदेशासाठी ते १९३६ साली स्थापन झाले होते.

याच न्यायालयात मुहम्मद हिदायतुल्लाह नावाचे एक वकील काम करत. पुढे ते इथेच न्यायाधीश झाले, मग इथलेच मुख्य न्यायाधीश झाले. त्यानंतर ते दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले, देशाचे सरन्यायाधीश झाले, काही आठवडे त्यांनी राष्ट्रपतींचे काम पाहिले आणि पुढे पाच वर्षे ते उपराष्ट्रपती होते. सरन्यायाधीश, हंगामी राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती या तिन्ही जागी बसलेला दुसरा माणूस आपल्या देशात झालेला नाही.

पण पदांची यादी पाठ करून माणूस कळत नाही. या पाठात आपण त्यांच्या कामाचा एकच भाग जरा जवळून पाहणार आहोत. दोन देशांमध्ये भांडण झाले तर न्याय कसा होतो, हा तो भाग. नागपूरच्या एका कायदेपंडिताचा आणि कच्छच्या वाळवंटाचा काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. तो संबंध फार जवळचा आहे.

आधी त्यांची थोडी ओळख करून घेऊ.

हिदायतुल्लाह यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी लखनौला झाला. त्यांचे वडील हाफिज मुहम्मद विलायतुल्लाह हे सरकारी अधिकारी होते आणि उर्दूचे शायरही होते. म्हणजे घरात एकीकडे कायद्याची आणि कारभाराची चर्चा, तर दुसरीकडे गझला आणि नज्मा. मुलगा दोन्ही ऐकत वाढला. शाळेचे शिक्षण रायपूरच्या सरकारी हायस्कूलमध्ये झाले. १९२२ साली शिष्यवृत्ती मिळवून तो नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आला. तेव्हा नागपूर विद्यापीठ नव्हतेच; ते १९२३ साली सुरू झाले. १९२६ साली सुवर्णपदकासह पदवी घेऊन हिदायतुल्लाह इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले, लंडनमध्ये बॅरिस्टर झाले आणि १९३० साली नागपूरला परत येऊन त्यांनी वकिली सुरू केली. वय अवघे २४.

नवीन वकिलाकडे पक्षकार लगेच येत नाहीत. पण हा तरुण फक्त पक्षकारांची वाट पाहत बसला नाही. १९३१ ते १९३३ या काळात तो नागपूरच्या नगरपालिकेत सभासद होता. पुढे १९३५ पासून १९४३ पर्यंत हिदायतुल्लाह विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात शिकवत. विधी म्हणजे कायदा. वकिली करता करता शिकवायचे, हे सोपे नव्हते. उद्याच्या खटल्याची तयारी आणि उद्याच्या तासाची तयारी एकाच रात्री करावी लागते. तरीही आठ वर्षे हे काम त्यांनी सोडले नाही. न्यायाधीश झाल्यावरही १९४९ ते १९५३ या काळात ते नागपूर विद्यापीठात कायदा विद्याशाखेचे अधिष्ठाता, म्हणजे प्रमुख होते. स्काउट आणि गाइड चळवळीतही ते होते. १९५० ते १९५३ या वर्षांत ते मध्य प्रदेशच्या भारत स्काउट्स आणि गाइड्सचे मुख्य आयुक्त होते. तुमच्या शाळेत स्काउटचे पथक असेल, तर ही ओळख तुम्हांला अधिक जवळची वाटेल.

शिक्षकाची सवय त्यांना शेवटपर्यंत राहिली, असे त्यांची पुस्तके पाहून वाटते. त्यांनी कायद्यावर पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली, मुल्ला यांच्या मुस्लिम कायद्यावरील प्रसिद्ध ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या तयार केल्या. १९८० साली त्यांचे आत्मचरित्र आले. त्याचे नाव गमतीचे आहे: 'माय ओन बॉसवेल'. बॉसवेल या लेखकाने डॉक्टर जॉन्सन यांचे चरित्र लिहिले आणि ते चरित्र इतके गाजले की बॉसवेल म्हणजे चरित्रकार असाच अर्थ झाला. माझा बॉसवेल मीच, असे त्यांना म्हणायचे होते.

आता मुख्य विषयाकडे वळू.

गावात दोघांचे भांडण झाले तर काय होते? आधी शेजारी समजावतात. नाही जमले तर पंच बसतात. तेही नाही जमले तर पोलीस ठाणे आहे, तहसील आहे, कोर्ट आहे. कोर्टाचा हुकूम कोणी मानला नाही तर तो मानायला लावणारे सरकार आहे. पण दोन देश भांडले तर? देशांच्या वर दुसरे सरकार नाही. देशांना पकडून आणणारा पोलीस नाही. म्हणून देश एकमेकांशी करार करतात, तह करतात, कधी दोघांनी मिळून पंच नेमतात, कधी नेदरलँड्समधील हेग शहरात असलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जातात. या सगळ्या नियमांना आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. हा कायदा जबरदस्तीपेक्षा दिलेल्या शब्दावर अधिक चालतो.

इथे भाषेची एक गंमत सांगतो. 'तह' हा शब्द तुम्ही उर्दूतही वाचता. उर्दूत तह म्हणजे घडी, थर किंवा तळ. मराठीत मात्र तह म्हणजे दोन राज्यांमधला करार, ज्याला तुम्ही मुआहदा म्हणता. मराठी वाचताना हा शब्द आला की फसू नका. पण वकील, दावा, फिर्याद, जामीन, तारीख, हद्द आणि करार हे शब्द मात्र बिनधास्त वापरा. ते घरी उर्दूत चालतात आणि नागपूरच्या कोर्टात मराठीतही चालतात.

तर कच्छची गोष्ट अशी.

गुजरातच्या कच्छ जिल्ह्याच्या उत्तरेला मिठाचे प्रचंड मैदान आहे. त्याला रण म्हणतात. उन्हाळ्यात ते पांढरे आणि कोरडे असते, तर पावसाळ्यात पाण्याखाली जाते. मध्ये मध्ये उंच जागा आहेत. त्यांना बेट म्हणतात. तिथे गवत उगवते आणि गुरे चरायला जातात. रणाच्या पलीकडे सिंध. इंग्रजांच्या काळात कच्छ हे एक संस्थान होते आणि सिंध इंग्रजांच्या मुलखात होता. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला इंग्रज. पण राजावरही सत्ता इंग्रजांचीच. त्यामुळे दोघांमधली हद्द नेमकी कुठून जाते, याची फार चिंता कोणी केली नाही. पश्चिमेकडच्या थोड्या भागात खांब लागले. बाकीचे रण तसेच राहिले.

१९४७ साली फाळणी झाली. सिंध पाकिस्तानात गेला आणि कच्छ भारतात आले. कालपर्यंत दोन जिल्ह्यांमधली हद्द असावी तशी असलेली रेषा आता दोन देशांमधली सीमा झाली. भारताचे म्हणणे असे, की संपूर्ण रण कच्छचेच होते, म्हणून ते भारताचे. पाकिस्तानचे म्हणणे असे, की रण ही जमीन नसून समुद्रासारखी जागा आहे, म्हणून सीमा तिच्या मधून जावी. वाद होता सुमारे ३,५०० चौरस मैलांचा. एप्रिल १९६५ मध्ये तिथे दोन्ही सैन्यांची चकमक झाली.

ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन मध्ये पडले. ३० जून १९६५ रोजी करार झाला. तेव्हा आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री होते. करारात ठरले, की बोलणी करून वाद मिटला नाही तर तीन पंच नेमायचे. एक भारत सुचवेल, एक पाकिस्तान सुचवेल आणि अध्यक्ष दोघांच्या संमतीचा असेल. संमती झाली नाही तर संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस तो नेमतील. पंचांचा निवाडा दोघांनाही बंधनकारक राहील आणि कोणत्याही कारणावरून त्याबद्दल तक्रार करता येणार नाही, असेही लिहून दिले.

भारताने युगोस्लाव्हियाचे आलेश बेबलर यांचे नाव दिले, पाकिस्तानने इराणचे नसरुल्लाह इन्तेजाम यांचे दिले आणि स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन अध्यक्ष झाले. जिनिव्हा शहरात जुने नकाशे, जुनी पत्रे, महसुलाची कागदपत्रे यांचा ढीग पुढे ठेवून वाद चालला. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी निवाडा आला. रणाचा सुमारे नऊ-दशांश भाग भारताचा ठरला. राहिलेला सुमारे एक-दशांश भाग पाकिस्तानला मिळाला. त्यात उत्तरेकडची काही उंच ठिकाणे होती. बेबलर यांना हे पटले नव्हते. त्यांच्या मते भारताचा पूर्ण दावा खरा होता. पण तिघांपैकी दोघांचे मत एक झाले आणि तोच निवाडा ठरला.

देशात मोठा संताप झाला. जमीन आपली, मग ती द्यायची कशी? इंदिरा गांधींच्या सरकारने सांगितले, की आपण शब्द दिला आहे, तो पाळायला हवा. तेव्हा काही नागरिक थेट कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. सरन्यायाधीश होते नागपूरचे हिदायतुल्लाह. २५ फेब्रुवारी १९६८ रोजी, म्हणजे निवाड्यानंतर सहाच दिवसांनी, त्यांनी ते पद घेतले होते.

अर्जदारांचा मुद्दा समजून घ्या. तो पोकळ नव्हता. १९५८ साली भारत आणि पाकिस्तान यांच्या पंतप्रधानांनी एक करार केला होता. त्यानुसार पश्चिम बंगालमधील बेरुबारी नावाच्या भागाचा अर्धा हिस्सा पूर्व पाकिस्तानला द्यायचा होता. पंतप्रधानांना असे करता येते का, हा प्रश्न राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाला विचारला. १९६० साली न्यायालयाने उत्तर दिले, की देशाची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची असेल तर नुसता करार पुरत नाही. त्यासाठी संसदेला राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागेल. ते उत्तर न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी वाचून दाखवले होते आणि उत्तर देणाऱ्या न्यायाधीशांमध्ये हिदायतुल्लाहही होते. आता अर्जदार म्हणत होते: बेरुबारीसाठी घटनादुरुस्ती लागते, तर कच्छसाठी का नको? भारताच्या नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क आहे. उद्या ती जागा पाकिस्तानात गेली तर आमचा हक्क जाईल.

आता तुम्ही न्यायाधीशाच्या जागी बसा आणि विचार करा. आठ वर्षांपूर्वी तुम्हीच सांगितले आहे, की जमीन द्यायची तर घटना बदला. लोक संतापलेले आहेत. समोर पाकिस्तान आहे आणि मध्ये १९६५ चे युद्ध होऊन गेले आहे. तुम्ही काय निकाल द्याल?

आपल्या विदर्भातले उदाहरण घेऊ. विदर्भात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. समजा, काटोलकडे एका माणसाची संत्र्याची बाग आहे आणि त्याला दोन एकर विकायचे आहेत. तेव्हा तो काय करतो? रजिस्ट्री करतो. घरातल्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात, सातबाऱ्यावर नाव बदलते. कारण ती जमीन नक्की त्याची आहे आणि तो ती दुसऱ्याला देत आहे.

आता दुसरा प्रसंग घ्या. त्याच माणसाचे शेजाऱ्याशी धुऱ्यावरून भांडण आहे. हा म्हणतो धुरा त्या बाभळीपाशी, तो म्हणतो या विहिरीपाशी. दोघेही मोजणी करून घेतात. मोजणीत धुरा बाभळीच्या थोडा अलीकडे निघतो. मग या माणसाने शेजाऱ्याला जमीन विकली का? नाही. रजिस्ट्री करावी लागेल का? नाही. कारण जी पट्टी शेजाऱ्याकडे गेली, ती याची होती असे कधी ठरलेच नव्हते. तो तिला आपली समजत होता, एवढेच. मोजणीने कोणाला काही दिले नाही. आधीपासून काय होते, ते फक्त सांगितले.

बेरुबारी हा पहिला प्रसंग होता. तो भाग भारताचा मानला जात होता, भारताच्या ताब्यात होता आणि त्याचा तुकडा द्यायचा होता. कच्छ हा दुसरा प्रसंग होता. तिथे हद्दच ठरलेली नव्हती. ९ जानेवारी १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुख्य निकालपत्र हिदायतुल्लाह यांनी लिहिले. न्यायमूर्ती शाह यांनी वेगळे निकालपत्र लिहून तोच निष्कर्ष दिला. निकालाचा सारांश असा: हद्दीचा वाद मिटवणे म्हणजे प्रदेश देऊन टाकणे नव्हे. म्हणून या निवाड्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. सरकार तो अमलात आणू शकते.

पुढे रणात सीमेचे खांब रोवले गेले. रणाच्या पश्चिमेला सर क्रीक नावाची समुद्राची खाडी आहे. तिचा प्रश्न त्या पंचांपुढे ठेवलाच नव्हता, आणि तो आजही मिटलेला नाही. जो भाग पंचांकडे गेला, तिथली सीमा मात्र कागदावर आणि जमिनीवर पक्की झाली. बेरुबारीच्या कराराचे बाकीचे धागेही पुष्कळ वर्षे लोंबत राहिले. पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला. एकमेकांच्या हद्दीत अडकलेली भारताची १११ आणि बांगलादेशाची ५१ छोटी ठिकाणे शेवटी २०१५ साली अदलाबदल करून देण्यात आली. त्यासाठी संसदेने घटनेत दुरुस्ती केली. ती शंभरावी घटनादुरुस्ती होती. म्हणजे १९६० चा नियम २०१५ मध्येही पाळला गेला.

या निकालावर सगळेच खूष झाले असतील, असे मानू नका. आपल्या घराचा कोपरा गेला असे ज्याला वाटते, त्याला धुऱ्याचे उदाहरण देऊन समाधान होत नाही. मला स्वतःला हा निकाल बरोबर वाटतो. तोही भारताने आधी शब्द दिला होता म्हणून बरोबर वाटतो, असे नाही. मोजणी आपल्या बाजूने नऊ-दशांश आली तेव्हा मोजणी खरी आणि एक-दशांश विरुद्ध आली तेव्हा खोटी, असे म्हणता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या ५१ व्या कलमातच म्हटले आहे, की आंतरराष्ट्रीय वाद लवादाने, म्हणजे पंच नेमून, मिटवण्यास राज्याने उत्तेजन द्यावे.

आणखी एक गोष्ट आहे. ती कायद्याच्या पुस्तकात सहसा येत नाही. हिदायतुल्लाह यांचे भाऊ मुहम्मद इकरामुल्लाह हे इंग्रजांच्या काळात आय.सी.एस. अधिकारी होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. परराष्ट्र सचिव म्हणजे दुसऱ्या देशांशी होणारा सर्व व्यवहार पाहणारा सर्वांत वरचा अधिकारी. एक भाऊ नागपूरला न्यायाधीश, दुसरा कराचीत पाकिस्तानचे करारमदार पाहणारा. एकाच घरातले, एकाच वडिलांच्या शायरीवर वाढलेले दोघे. फाळणीने अनेक घरे अशी विभागली. तुमच्यापैकी काहींच्या घरातही कोणाचे मामा किंवा फुफी तिकडे असतील. इकरामुल्लाह १९६३ साली वारले. कच्छचा वाद पेटला तेव्हा ते हयात नव्हते. पण असे नाते असलेल्या न्यायाधीशाच्या प्रत्येक शब्दाकडे लोक किती बारकाईने पाहत असतील, याचा अंदाज तुम्ही करू शकता. एका बाजूने निकाल दिला तर काही जण एक म्हणतील, दुसऱ्या बाजूने दिला तर काही जण दुसरे म्हणतील. अशा वेळी न्यायाधीशाजवळ एकच आधार असतो. आपली कारणे सगळ्यांना वाचता येतील अशी सविस्तर लिहून ठेवणे. कच्छचे निकालपत्र म्हणूनच लांब आहे. त्यात करार आहेत, इतर देशांतले दाखले आहेत आणि प्रत्येक पायरीचे कारण आहे.

हा निकाल देऊन सहा महिने होतात न होतात तोच त्यांच्यावर निराळीच जबाबदारी आली. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्यांचे काम पाहू लागले. पण गिरींना राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती, म्हणून २० जुलै रोजी त्यांनी राजीनामा दिला. आता राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही. असे पूर्वी कधी झाले नव्हते. संसदेने मे महिन्यातच कायदा करून ठेवला होता, की अशा वेळी सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींचे काम पाहावे. अशा रीतीने २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ हिदायतुल्लाह राष्ट्रपती भवनात होते. योगायोग पाहा, त्याच रात्री माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला. आपल्याकडे तेव्हा २१ जुलैची पहाट व्हायची होती. चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांचे स्वागत करून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आशियाच्या दौऱ्यावर निघाले आणि ३१ जुलैला दिल्लीत आले. त्यांचे स्वागत भारताच्या वतीने हिदायतुल्लाह यांनी केले.

१६ डिसेंबर १९७० रोजी ते सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे ते १९६९ पासून कुलपती होते. त्या जागी त्यांच्या आधी डॉ. झाकिर हुसेन होते. जामियाचे हे काम त्यांनी १९८५ पर्यंत केले. १९७९ साली त्यांची उपराष्ट्रपती म्हणून बिनविरोध निवड झाली. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारासाठी अमेरिकेला गेले, तेव्हा काही आठवडे त्यांनी पुन्हा राष्ट्रपतींचे काम पाहिले. नागपूरशी मात्र त्यांचा कामाचा संबंध १९५६ सालीच सुटला होता. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरचे उच्च न्यायालय राहिले नाही. तिथले मुख्य न्यायाधीश हिदायतुल्लाह नव्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होऊन जबलपूरला गेले. त्यांच्यासाठी ही बदली होती. नागपूर शहराने मात्र त्या दिवशी राजधानीही गमावली आणि उच्च न्यायालयही.

एक पुस्तक सांगायचे राहिले आहे. कच्छच्या निकालाच्या दोन वर्षे आधी, १९६७ साली, त्यांनी एका दूरच्या देशाविषयी इंग्रजीत लिहिले. त्याचे नाव 'द साउथ-वेस्ट आफ्रिका केस'.

आफ्रिकेच्या नैऋत्य कोपऱ्यात एक देश होता. तो जर्मनीची वसाहत होता. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली, तेव्हा राष्ट्रसंघाने तो देश सांभाळण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या हाती दिला. मालकी दिली नाही, अमानत म्हणून दिला. एखाद्या यतीम मुलाची इस्टेट नातेवाइकाकडे सोपवावी, तसे. नातेवाइकाने ती सांभाळायची, मुलाचे भले पाहायचे आणि मोठा झाला की त्याच्या हाती द्यायची. दक्षिण आफ्रिकेने उलटे केले. तिथल्या काळ्या लोकांवर आपल्या देशातले वर्णभेदाचे कायदे लादले आणि देश सोडायचे नाव काढीना. तेव्हा इथिओपिया आणि लायबेरिया या आफ्रिकेतल्या दोन देशांनी १९६० साली हेगच्या न्यायालयात दावा लावला.

सहा वर्षे खटला चालला. १८ जुलै १९६६ रोजी निकाल आला. सात न्यायाधीश एका बाजूला, सात दुसऱ्या बाजूला. अशा वेळी अध्यक्षांना जादा मत असते. ऑस्ट्रेलियाचे सर पर्सी स्पेंडर यांनी ते दिले आणि दावा फेटाळला गेला. कारण काय दिले? अमानतीत गडबड झाली की नाही, हे न्यायालयाने सांगितलेच नाही. एवढेच सांगितले, की या दोन देशांना तक्रार करण्याचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे शेजाऱ्याने म्हणावे, अहो, त्या यतीम मुलाची इस्टेट लुटली जात आहे, आणि कोर्टाने म्हणावे, पण तुम्ही कोण? तुमचे काय गेले?

जगभर या निकालावर टीका झाली. भारतात तर होणारच होती. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवर होणाऱ्या अन्यायाचा प्रश्न भारताने १९४६ सालीच संयुक्त राष्ट्रसंघात मांडला होता. ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात आपण बसतो, त्या न्यायालयापुढे हा खटला कधी येणार नाही, हे हिदायतुल्लाह यांना ठाऊक होते. तरी त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. विधी महाविद्यालयातला शिक्षक जागा असल्याची ही खूण असावी.

पुढे काय झाले, तेही ऐका. ऑक्टोबर १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ती अमानत काढून घेतली. दक्षिण आफ्रिकेने ऐकले नाही. १९७१ साली हेगच्या त्याच न्यायालयाने सांगितले, की दक्षिण आफ्रिकेचे तिथे राहणे बेकायदा आहे. तरीही ती हटली नाही. तिथल्या लोकांना लढावे लागले, अनेकांना प्राण गमवावे लागले. शेवटी २१ मार्च १९९० रोजी तो देश स्वतंत्र झाला. त्याचे नाव नामिबिया. नकाशात शोधा, अंगोलाच्या खाली सापडेल. त्या दिवशी हिदायतुल्लाह ८४ वर्षांचे होते. त्यानंतर अडीच वर्षांनी, १८ सप्टेंबर १९९२ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.